तुरीचा दाणा

लातूरच्या दातांच्या दवाखान्यात आरतीचा नंबर तिसरा होता. दाढेला कॅप बसवायची म्हणून ती पार धास्तावली होती. शेजारी आडत दुकानवाले बसवंतअप्पा गाल धरून बसले होते, आणि त्यांची बायको नीलाबाई गालातल्या गालात हसत होती.

"मावशी, लई दुखतं का हो कॅप बसवताना?"

"न्हाई माय. सुई देतेत, दाढ घासून बारीक करतेत, माप घेतेत. पक्की कॅप यायला आठ दिवस लागतेत. तोवर कच्ची बसवतेत. तिच्यावर कडक काही चावायचं न्हाई, बस्स. ह्यांना परवाच बसवली."

"मग काका परत कसे आले?"

"कच्ची निघाली. कशानं, ते त्यांनाच इचार."

"तूर फोडली," अप्पा पुटपुटले.

"तुरीनंच दाढ मोडली, आन् तुरीनंच कॅप!"

"वली का वाळली, दाताखाली धरल्याबिगर कसं कळंल?"

"दुकानात मशीन हाय की."

"मशीनला काय कळतंय!"

"मग डाव्या दाढेनं फोडायची."

"डावीला पारख न्हाई." अप्पांनी बायकोकडे पाहिलं. "पक्क्या कॅपला तरी कळंल का गं?"

नीलाबाईने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, तुरीचा एक दाणा काढला आणि दाताखाली धरला.

"वली हाय. अजून दोन उन्हं लागतील."

अप्पांनी गालावरचा हात काढला.

"तू कधी शिकलीस?"

"पस्तीस वर्षं धुण्याआधी तुमचे खिसे कोण रिकामे करतंय?"