खुर्ची तिची, हप्ते माझे

...आणि वर मलाच विचारतो, "मग, खुर्ची कशी काय आहे, मॅडम?" कसली खुर्ची? तर म्हणे मसाजची! म्हणजे आपण नुसतं बसायचं आणि ती आपली पाठ रगडून देते, ती! अहो, तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षं मी शिलाई मशीनसमोर ज्या स्टुलावर बसते ना, त्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी चिंध्यांची घडी घालते, आणि हा बँकेतला टायवाला मला खुर्चीचं विचारतोय! मी म्हटलं, "साहेब, फाईल बदलली असेल." तर म्हणे, "नाही मॅडम, नाव तुमचं, जन्मतारीख तुमची. एक मसाजची खुर्ची, एक मोठा टीव्ही, एक मोटारसायकल. टीव्हीचे आणि मोटारसायकलचे हप्ते थकलेत." मोटारसायकल! मला साधी सायकल येत नाही हो!

थांबा, मी बँकेत कशाला गेले ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकदम खुर्चीवरच जाऊन बसली. तर आमचं दुकान. शिलाईचं. गाळा भाड्याचा, दहा बाय आठ, पुढे काउंटर, मागे दोन मशिनं, माळ्यावर गिऱ्हाइकांची कापडं, त्यात माझा उभा जन्म गेला. आणि एक दिवस मालक येऊन म्हणतात, "बाई, मी आता मुलाकडे राहायला जातो. गाळा विकायचाय. पहिला हक्क तुमचा, दोन महिने थांबतो. नाहीतर शेजारचा मोबाईलवाला रोख घेऊन तयारच आहे." मोबाईलवाला! म्हणजे माझ्या कापडांच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकणार! आणि मी या वयात दोन मशिनं डोक्यावर घेऊन कुठे जाऊ? थोडे साठवले होते, बाकीचे म्हटलं बँक देईल. न द्यायला काय झालं? आयुष्यात कुणाचे पाच पैसे ठेवले नाहीत मी! दोरेवाल्याचे नाहीत, बटणवाल्याचे नाहीत, कुणाकुणाचे नाहीत!

तर टायवाला म्हणतो, "तुमचं खरं असेल मॅडम, पण कागदावर तसं नाही."

तुम्हाला माहीत होतं का हो, एक कंपनी असते, ती आपल्या सगळ्यांची प्रगतिपुस्तकं ठेवते? कुणी किती कर्ज घेतलं, कुणी फेडलं, कुणी बुडवलं. त्याला म्हणतात क्रेडिट रिपोर्ट. अहो, शाळेतसुद्धा नापास करायच्या आधी परीक्षेला बसवायचे! इथे परीक्षेला बसली कुणी भलतीच, आणि नापास मी!

घरी आले. आमचे हे पेपर वाचत बसलेले. म्हटलं, "अहो, माझ्या नावावर मोटारसायकल निघाली." झटकन पेपर खाली. "कुठली?" बघा! बायको पार बुडाली, त्याचं काही नाही... कुठली! आणि वर, "ठेवलीस कुठे?"

मग लावला फोन त्या प्रगतिपुस्तकवाल्या कंपनीला. "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." आणि मग टिंगटिंग टिंगटिंग... त्या टिंगटिंगमध्ये मी एका पँटची उंची कमी केली, दोन चेन बदलल्या, एका शर्टाला सगळी बटणं लावली, तेव्हा कुठे एक खरी मुलगी आली. काय गोड बोलते! "तुमची ओळख पटवायला एकदोन प्रश्न विचारते हं, मॅडम. तुमच्या मोटारसायकलचा हप्ता किती आहे?" अगं बाळे, ती माझी नाहीच, तेच सांगायला फोन केलाय ना! "सॉरी मॅडम, उत्तर चुकलं. तुमची ओळख पटली नाही." ठक! फोन बंद! म्हणजे त्या चोरटीला माझी सगळी उत्तरं येतात आणि मला माझीच येत नाहीत!

मग कुणीतरी म्हणालं, आधी पोलिसांत जा, तक्रारीची प्रत लागते. गेले. टेबलावरचा पोलीस मान वर न करता, "काय चोरीला गेलं?" मी म्हटलं, "मी." तेव्हा त्याने मान वर केली. "तुम्ही तर इथे बसलाय." म्हटलं, "तेच तर! ही इथे बसलेय ती मी, आणि मोटारसायकलवर हिंडतेय तीही मीच!" त्याने पाणी मागवलं. माझ्यासाठी की स्वतःसाठी, देव जाणे. पण माणूस भला, सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं. फक्त मधेच म्हणाला, "काकू, खरं सांगा, घरातल्या कुणी तर नाही ना घेतलं?" माझं डोकंच सणकलं. आयुष्यात कुणाचे पाच पैसे ठेवले नाहीत मी, आणि आमचे हे तर स्वतःच्या चपला घ्यायच्या तरी मला विचारतात!

तक्रारीची प्रत घेतली, रिपोर्टच्या कंपनीला अर्ज केला, कर्ज देणाऱ्या कंपनीला अर्ज केला. उत्तर काय? "तीस दिवसांत चौकशी होईल." तीस दिवस! इकडे मालकांच्या दोन महिन्यांतला एक सरला. आणि एक दिवस तो मोबाईलवाला आला दुकानात, माझ्यासमोर भिंतीला बोट लावून म्हणतो, "काकू, जरा तुमची टेप देता? मोजून घेतो." माझं दुकान, माझ्याच टेपने! दिली. काय करणार? पण त्या रात्री जेवण गेलं नाही हो मला.

शेवटी मीच उठले आणि कर्जाच्या कंपनीत जाऊन बसले. तिथे एक चष्मेवाले साहेब होते, चष्मा कपाळावर आणि शोधतायत टेबलावर. मी म्हटलं, "आधी कपाळावर बघा, मग माझी फाईल बघा." हसले बिचारे. काढली फाईल. अर्जावरची सही बघितली तर माझी नाहीच. फोन नंबर माझा नाही. खुर्ची पोचवली तो पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला. साहेब म्हणतात, "हे सगळं बदलता येतं हो, पण ही तुमच्या ओळखपत्राची झेरॉक्स? ही तर तुमचीच ना?" आणि त्यांनी ती झेरॉक्स पुढे सरकवली...

अहो, मी बघते तर काय! ओळखपत्र मधोमध, फोटोत मी, आणि भोवतीचा कागदच वळणदार कापलेला. खाली सरळ, वर डोंगरासारखा गोल. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, ही तर बाही!"

साहेब म्हणाले, "काय?"

म्हटलं, "बाही! फ्रॉकची! दोन वर्षांच्या मुलीची!"

आता कसं सांगू तुम्हाला... लाज वाटते. झालं होतं काय, आमच्या ह्यांनी एकदा माझ्या ओळखपत्राच्या एकदम पन्नास झेरॉक्स काढून आणल्या. म्हणे, "एकदम काढल्या की स्वस्त पडतात." लागल्या चार. उरल्या शेहेचाळीस. आणि मी पडले शिंपीण! मागून कोरा कागद दिसला की माझी कात्री शिवशिवते. दुपारी मी शिवणाचा क्लास घ्यायचे ना, त्या पोरींना कॉलर, कफ, बाही सगळी कटिंगं मी त्याच कागदांवर कापून दिली. वर स्वतःच्या अक्षरात लिहून, "मुंढा पाव इंच जास्त ठेवावा." म्हणजे चोरांनी घर फोडावं तर कुलूप मीच काढून दिलेलं! आणि एक होती बघा, दोन महिने आली, एक टाका घातला नाही, नुसती कटिंगं गोळा करून गेली. मला वाटायचं, काय होतकरू मुलगी आहे!

साहेबांनी चष्मा लावला, कागद पालथा केला, तर मागे पुसटशी त्याच बाहीच्या टाक्यांची रेघ, कडेला माझं अक्षर. एवढी हुशार पोरगी, आणि वेंधळी किती, झेरॉक्सची झेरॉक्स काढायचं सोडून बाहीच जोडली! मी म्हटलं, "साहेब, शहाणी बाई कर्ज मागायला बाही कापून आणेल का?" त्यांनी सरळ लिहिलं, अर्ज बनावट. त्या पोरीमागे पोलीस लागले ते वेगळंच. मी त्या टेबलावरच रडले हो. लोक बघत होते, बघू देत.

नवा रिपोर्ट आला. खुर्ची गेली, टीव्ही गेला, मोटारसायकल गेली. आमच्या ह्यांना मोटारसायकलचं जरा वाईट वाटलं. मी दोन महिने संपायला तीन दिवस असताना टायवाल्यापुढे कागद आपटला. "घ्या! आयुष्यात कुणाचे पाच पैसे ठेवले नाहीत मी!"

तो वाचतोय... वाचतोय... आणि म्हणतो, "तीच तर अडचण आहे, मॅडम."

"कसली?"

"तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही. मग तुम्ही फेडता की बुडवता, आम्हाला कळणार कसं? तुमच्या जुन्या रिपोर्टात चांगली गोष्ट एकच होती. खुर्ची. तिचे हप्ते वेळेवर जात होते. तीही तुम्ही काढून टाकलीत."

ऐकलंत? चोरटी पास, मी कोरी! वर सल्ला काय, तर "एखादी लहानशी वस्तू हप्त्यावर घ्या, सहा महिने फेडा, मग या."

गेले मालकांकडे. म्हटलं, द्या त्या मोबाईलवाल्याला, बँकेला आधी सहा महिन्यांचा रिपोर्ट हवाय, माझ्याने होत नाही. मालक म्हणाले, "बाई, एकोणीस वर्षं एक तारखेला सकाळी भाडं हातात. मला कुठला रिपोर्ट दाखवता? सहा महिने गाळा कुठे पळून जात नाही. त्याला मी सांगतो." पाया पडायला वाकले तर म्हणतात, "भाडं मात्र देत जा."

म्हणून फ्रिज घेतला. हप्त्यावर! जुना ठणठणीत चालू असताना! दुसऱ्याच महिन्यात गेले सगळे पैसे घेऊन, म्हटलं मिटवून टाका एकदाचं, मला झोप लागत नाही. काउंटरवरचा पोरगा घाबरला. "नको मॅडम! एकदम फेडलंत तर हप्ते भरलेले दिसणार कसे?" म्हणजे पर्समध्ये पैसे आहेत, आणि मी कर्जबाजारी! मुद्दाम! शहाणपणाने!

आता घरात दोन फ्रिज. नव्यात ठेवायचं काय, हा प्रश्न. पण त्याला कुलूप आहे बरं का, चांगलं मजबूत. तेव्हा मी माझे सगळे कागद, अगदी उरलेल्या झेरॉक्ससकट, त्यात ठेवून किल्ली कमरेला लावलीय. घरात सध्या डोकं थंड आहे ते त्या झेरॉक्सवरच्या माझ्या फोटोचंच.