साळ्याचं सॉसेज

साळा बोलत नाही माह्याशी. नाही बोलत तं नको बोलू, मी काही माफी मांगत नाही.

इतवारी तो गोंदियाहून आला, अन् वाघ नदीवर माह्या बाजूले मासोळ्या पकडाले बसला. मी गरीले मातीतला केचवा लावून राहिलो होतो. त्यानं थैलीतून सॉसेजचं पाकीट काढलं अन् गरीले लावाले तुकडे करू लागला.

मी म्हटलं, "काय टाकतेत रे याच्यात?"

"मांस, रंग, अन् टिकावं म्हणून औषध."

"मासोळ्यांले काही झालं तं?"

"काय होते भाऊजी? माणसंच खातेत."

"मंग घरी काऊन नाही खाल्लं?"

"पोरांसाठीच आणलं होतं. बायको म्हणे, असलं औषधाचं मी पोरांले देत नाही. फेकाचंच होतं, म्हणून इकडं आणलं."

मी सगळे तुकडे गोळा केले अन् त्याच्याच थैलीत कोंबले.

"भाऊजी, एवढ्याशानं नदीले काही होत नाही."

"होते का नाही, मले मालूम नाही. तुलेबी मालूम नाही. पण तुह्या पोरांले जे चालत नाही ते ह्या मासोळ्या खातीन, अन् ह्या मासोळ्या माही पोरं खातेत."