तिसरं वाक्य

मावशी : बॅग ठेव खाली, ताट घे आणि अशी माझ्याजवळ सरक. पत्रकात एक अक्षर खोटं नाही म्हणालीस ना आत्ता? मग जेवता जेवता तुला एक गोष्ट सांगते. आपल्या नावाड्याची.

भाची : मावशी, गोष्ट संध्याकाळी. मला ऑफिसात परत जायचंय. हॉस्पिटलच्या प्रकरणात सकाळपासून फोन थांबलेला नाही.

मावशी : म्हणूनच आत्ता. घास तोंडात असला की माणूस मधे बोलत नाही, तेवढीच माझी सोय.

काका : कशाला जुनं उकरतेस? पोर चार घास खायला आलीय.

मावशी : तुम्हाला कुणी विचारलंय का? तुमच्या भाचीला मंत्र्याच्या प्रसिद्धी खात्यात नोकरी लागली तेव्हा तुमची छाती फुगली होती. मीही जन्मभर पत्रकंच लिहिली, आमचीच गादी चालवतेय म्हणालात. मग गादीवर काय काय सांडलंय तेही कळू दे तिला.

भाची : कोणता नावाडी?

मावशी : नदीवर पूल नव्हता तेव्हाचा. माझं माहेर पलीकडच्या तीरावर, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी त्याच्या नावेत बसायची. काळा, उंच, वल्ह्यांनी तळहात लाकडासारखे झालेले. म्हातारी बाई उतरायला लागली की कोपराला असा अलगद हात द्यायचा, जणू काचेचं भांडं उतरवतोय. आणि देवाची गाणी म्हणायचा, बाई. आवाज काही फार गोड नव्हता, पण गाण्यात जीव होता. तो एक ओळ म्हणायचा, मी पुढची धरायची. मधल्या पाण्यात आली की नाव देवघरासारखी वाटायची मला.

काका : सुरात म्हणायची नाहीस तू.

मावशी : त्याने कधी तक्रार केली नाही. तर पुलाचा पहिला दगड बसवायला साहेब यायचे होते. म्हणजे तेव्हाचे मंत्री, तुझ्या आत्ताच्या साहेबांसारखेच. घाटावर नावा दोन. मोठी, मजबूत नाव साहेबांसाठी फुलं बांधून राखून ठेवलेली. आणि त्या दिवशी बाजार. टोपल्या, पोरंबाळं, शेळ्या, सगळा लोंढा घाटावर. एक अधिकारी सारखा घड्याळ बघत होता. साहेबांची गाडी यायच्या आत घाट मोकळा दिसला पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. त्याने सगळ्यांना त्या एका लहान नावेत कोंबलं. नावाडी म्हणाला, आता पुरे, पाणी काठाला लागलंय. अधिकारी म्हणाला, तू नाव हाक, अक्कल आम्हाला आहे.

भाची : आणि बुडाली.

मावशी : मधोमध. मग तो माणूस पाण्यात किती वेळा गेला ते देवालाच ठाऊक. एकेकाला केसांना धरून काठाशी आणायचा, टाकायचा, परत जायचा. शेवटी लोकांनी त्याला धरून ठेवलं, कारण आणायला आता जिवंत कुणी उरलं नव्हतं. तो मात्र हात सोडवत होता. म्हणत होता, एक लाल फ्रॉकवाली राहिलीय, मला दिसली होती.

भाची : हे मी कधी ऐकलंच नाही. मी ऐकलं होतं की नाव चालवणारा प्यायलेला होता.

मावशी : बघा. ऐकलंत? तिचा जन्मही नव्हता तेव्हा, तरी तिने तेच ऐकलंय.

काका : तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

मावशी : नव्हतं ना? मग काय म्हटलं होतं ते तुमच्याच तोंडाने सांगा तिला. पाठ आहे तुम्हाला. झोपेत बरळता.

काका : पत्रक तीन वाक्यांचं होतं. झालेल्या दुर्घटनेने साहेबांना तीव्र दुःख झाले असून त्यांनी पुढील सर्व कार्यक्रम रद्द केले आहेत. घटनेच्या सखोल चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत. नाव चालवणाऱ्या इसमाच्या रक्ताचा नमुना तपासणीसाठी पाठवण्यात आला आहे.

भाची : चांगलं आहे.

मावशी : काय चांगलं आहे?

भाची : म्हणजे, पत्रक म्हणून. पहिल्या वाक्यात दुःख, दुसऱ्यात चौकशी, तिसऱ्यात माणूस. आम्हाला अजून असंच शिकवतात.

काका : ती पद्धत या घरातून गेली आहे.

मावशी : अभिमानाने सांगतायत. अहो, आणि पुढचं? नमुना पाठवला होता हे खरंच होतं का?

काका : पूर्णपणे खरं होतं. मी उभ्या आयुष्यात खोटं वाक्य लिहिलेलं नाही. नमुना घेण्यात आला, पाठवण्यात आला. बाकीचा अर्थ वर्तमानपत्रांनी काढला.

मावशी : घेण्यात आला. कुणी घेतला? वाऱ्याने? ऐक गं, मी सांगते. मला ते नंतर कंपाउंडरच्या बायकोकडून कळलं. साहेबांच्या बंगल्यावर तुझे काका पत्रक लिहायला बसले. दोन वाक्यं झाली, तिसरं अडलं. अधिकाऱ्याचं नाव घालायचं नाही, फुलं बांधलेल्या नावेचं तर नाहीच नाही. मग यांना हे वाक्य सुचलं. सुचलं, पण तेव्हा ते खरं नव्हतं, कारण नमुना कुणी घेतलाच नव्हता. आणि तुझे काका म्हणजे सत्याचे पुजारी. म्हणून कंपाउंडरला गाडीत घालून हे घाटावर गेले.

भाची : वाक्य खरं करायला?

मावशी : तो बिचारा गोधडी पांघरून बसला होता, दात वाजत होते. कंपाउंडर म्हणाला, दंड पुढे कर, त्याने केला. त्याला वाटलं, औषधाची सुई आहे. यांच्याकडे बघून हात जोडले त्याने. म्हणाला, साहेब, माझं राहू द्या, आधी त्या पोरांना द्या.

काका : बास कर.

मावशी : करते. थोडंच राहिलंय. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात एकच, दारुड्याने माणसं बुडवली. ज्यांना त्याने केसांना धरून काढलं, त्यांच्याही तोंडी तेच. त्याच्या नावेत पुन्हा कुणी बसलं नाही. लेकीला शाळेत दारुड्याची म्हणायला लागले, शाळा सुटली तिची. मग तो आपल्या दारात यायला लागला. पायरीवर बसायचा. मी पाणी द्यायची. फार काही मागत नव्हता. म्हणायचा, वहिनी, तुमच्या साहेबांना म्हणावं, तपासणीचं काय झालं तेवढं दोन ओळींत छापा.

भाची : आणि काय झालं होतं?

मावशी : ते मला विचारू नकोस. मी इतकी वर्षं यांना विचारतेय.

काका : अहवाल यथावकाश प्राप्त झाला.

मावशी : हे असं. नवरा-बायकोत सुद्धा पत्रकच काढतात. मला काही कागद लागत नव्हता, त्याच्या तोंडाला कधी वास आला नाही एवढं मला ठाऊक होतं. पण यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

भाची : काका, तुम्ही का नाही छापलंत?

काका : कोणी विचारणा केली नाही. एकाही वार्ताहराने केली नाही. विचारणा झाल्याशिवाय खुलासा काढायचा नसतो, हे तुलाही शिकवलं असेल. आणि तोपर्यंत पुलाचं काम जोरात होतं. औचित्य राहिलं नव्हतं.

मावशी : औचित्य पायरीवर बसून पाणी पीत होतं. मग एक दिवस यायचं थांबलं. बायको-पोरीला घेऊन कुठेतरी निघून गेला. कुणी म्हणे गोदीवर हमाली करतो, कुणी म्हणे वारला. पूल झाला. मी अजून त्या पुलावरून माहेरी जाते, आणि मधोमध आले की ओळ म्हणते. पुढची धरायला कुणी नसतं.

काका : तुझं पत्रक काय आहे?

भाची : माझं?

काका : हॉस्पिटलचं. वाच बरं.

भाची : पाठच आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या निधनाने मंत्रिमहोदयांना अतीव दुःख झाले आहे. उच्चस्तरीय समिती नेमण्यात आली आहे. रात्रपाळीवरील परिचारिकेचा मोबाइल ताब्यात घेण्यात आला आहे.

मावशी : अगं बाई. म्हणजे ती मोबाइलवर खेळत बसली होती?

भाची : तसं मी म्हटलेलं नाही, मावशी.

काका : वीज गेल्यावर जनरेटर का चालला नाही?

भाची : तो तिथे नव्हता. आदल्या दिवशी साहेबांच्या सभेला नेला होता. मंचावरच्या दिव्यांसाठी.

काका : आणि मोबाइलवर काय सापडलं?

भाची : तिने वीजवाल्याला फोन केले होते. डॉक्टरांना केले होते. एका हाताने पेशंटच्या श्वासाचा फुगा दाबत होती, दुसऱ्या हाताने फोन लावत होती.

काका : मला एवढंच सांग. मोबाइल आधी घेतला, की वाक्य आधी सुचलं?

मावशी : अहो, तिला जेवू द्या.

काका : तिला कळतंय मी काय विचारतोय. कोणतं आधी?

भाची : वाक्य.

काका : कोणाला सुचलं?

भाची : साहेब म्हणाले, काहीतरी खरं दे, पण कामाचं दे. मी म्हटलं, मोबाइल जमा करून घेऊया. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, काका. पहिल्यांदा मला त्या खोलीत कुणी खुर्ची दिली.

मावशी : मग अजून दिलं नाहीस ना पुढे? संध्याकाळच्या बातम्यांना द्यायचं असेल ना? बदल की ते वाक्य. आत्ता इथे बस आणि बदल.

भाची : मावशी, मी इकडे यायला निघाले त्याच्या आधीच पाठवलंय.

(भाचीचा फोन वाजतो. ती ऐकते आणि ठेवते.)

मावशी : कोण होतं?

भाची : ऑफिस. अभिनंदन करत होते. सगळ्या वाहिन्यांवर एकच चाललंय, रुग्ण तडफडत होते, सिस्टर मोबाइलमध्ये दंग. तिच्या घरासमोर गर्दी जमलीय. तिला लहान मूल आहे. त्याला दारातून आत नेताना दाखवतायत.

मावशी : देवा, देवा. अहो, काहीतरी करा की. तुमचे कुणी जुने संपादक असतील.

काका : आमच्या वेळी छापायला एक रात्र तरी लागायची. त्या रात्रीत वाक्य मागे घेता येत होतं. मी घेतलं नाही, ते सोड, पण येत होतं. आता काही कुणाच्या हातात नाही.

भाची : मी दुसरं काढते.

काका : ऑफिसच्या नावाने नाही काढता यायचं.

भाची : माझ्या नावाने. जनरेटर कुठे होता, तिने कुणाकुणाला फोन केले, आणि मोबाइल घ्यायची कल्पना कुणाची. तिन्ही लिहिते. मी ऐकलेलं, पाहिलेलं आहे सगळं.

मावशी : नोकरी जाईल गं. तुझ्या आईचं औषधपाणी तुझ्यावर आहे.

भाची : गोष्ट तूच सांगितलीस ना?

मावशी : मीच सांगितली. आणि आता मीच तुला अडवतेय.

काका : एक समजून घे. तुझं दुसरं पत्रक फार कुणी वाचणार नाही. पहिलं वाचतात, मग जेवायला बसतात. तिच्या माथ्यावरचा डाग पुरता पुसला जाणार नाही. उद्या रस्त्यात कुणीतरी म्हणेलच, हीच ती.

भाची : मग काढू नको?

काका : काढ. आणि लिहिताना कर्ता झाकू नकोस. मी घेतला, मी सुचवलं, साहेबांनी नेला, असं लिही. मला ते कधी जमलं नाही.

मावशी : आणि आधी तिच्या दारात जा. गर्दीतून आत जा. ती बोलली नाही तरी बस. कुणीतरी तिच्या बाजूने येऊन बसलंय एवढं तरी शेजारपाजाऱ्यांना दिसू दे. थांब, हात धू नीट. ताट राहू दे, मी उचलते.

भाची : येते मावशी. काका, येते.

काका : थांब जरा. दारातच ऐक.

भाची : काय?

काका : त्या नावाड्याला लक्षात ठेव. मी तर आता फार दिवसांचा नाही, आणि हिच्याशिवाय त्याचं नाव घेणारं कुणी उरलं नाही. अहवाल दुसऱ्याच आठवड्यात आला होता. मी स्वतः उघडला.

मावशी : अहो...

काका : त्याच्या रक्तात काही नव्हतं. तो प्यायलेला नव्हता, बाळ. कुणी विचारलं तर सांग. आणि नाही विचारलं, तरी सांग.