लेन्स सॉफ्ट हाय

सॉफ्ट? कोण म्हणलं सॉफ्ट? — ऱ्हाऊ द्या, नाव घेऊ नका, कळलं मला. विश्रामबागेत चौकात उतरून विचारलं असंल तुमी, राजरत्न व्हिडिओवाल्याचं घर कुठं, आन बोट करायला नेमका लालासाहेबच गावला असंल. लेन्सा हायत त्याच्याकडं, पर जरा सॉफ्ट हायत, बघून घ्या — असंच म्हणला न्हवं? बघा. अजून तेच सांगतोय गडी. बसा, पाव्हणं, बसा. साताऱ्यासनं एवढ्या लांब आलाय, दारातनं माघारी जाऊ नका. तिन्ही लेन्सा दावतो. सॉफ्ट म्हंजे काय ते ठावं हाय ना? चित्राला धार न्हाई. भुवईचा केस न् केस दिसायचा तिथं पावडर फासल्यागत दिसतंय. तर ह्या तिन्हीतली एक बी सॉफ्ट न्हाई. एक बी. हे माझ्या तोंडून ऐका, कारण हे कळायला मला जे द्यावं लागलं ते कुणी दिलं नसंल.

तुमचा कॅमेरा कसला — डिजिटल, लेन्स निघणारा? मग नीट ऐका. सिनेमाच्या खऱ्या लेन्सा आपल्याला झेपणाऱ्या न्हाईत, त्यांचा नाद सोडा. जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याच्या लेन्सा घ्या, मधी जोडायची रिंग टाकली की बसत्यात. पर ह्या कॅमेऱ्याची चिप नखाएवढी, त्यामुळं अठ्ठावीस एमेमची, फोटोत रुंद दावणारी लेन्स लावली तरी दुर्बिणीगत लांबचं जवळ वढती. खोलीत उभं राहून घ्यायचं म्हणाल तर जमायचं न्हाई, तिथं कॅमेऱ्याची मूळचीच लेन्स बरी. ह्या लावायच्या चेहऱ्याला. तीस फुटांवर जाऊन उभं राहायचं आन चेहरा धरायचा — मागचं समदं विरघळतंय, तेवढा चेहरा उठून येतोय. तवा वाटतंय, हे लग्नाचं शूटिंग न्हवं, सिनेमा हाय. घेताना ट्यूबलाइटकडं धरून आरपार बघा, आत कोळ्याच्या जाळ्यागत बुरशी नसावी. फोकसची रिंग फिरवून बघा, तुपात बोट फिरवल्यागत फिरली पायजे. आन एक — ह्यांना आपोआप फोकस न्हाई. फोकस तुमच्या डोळ्यानं. बाकी समदं विसरला तरी चालंल, एवढं विसरू नका.

लाला आन मी साताऱ्याला एका बाकावर शिकलो. वीस वर्षं भागी. मी शूट करणार, तो एडिटिंग करणार — लग्नं, जयंतीच्या मिरवणुका, साखरपुडे, कुणाच्या घराची वास्तुशांत. त्याच्या आईच्या हातचं मी जेवलोय, माझ्या बापाच्या मयतीला खांदा त्यानं दिलाय. पर दोघांच्या डोक्यात एकच किडा, की कवातरी आपला एक सिनेमा करायचा. चाळीस मिनिटांचा का हुईना. मग हा डिजिटल कॅमेरा आला तवा म्हणलं, आता न्हाई तर कवा? गोष्ट मीच लिहिली. तासगावला बेदाण्याच्या शेडवर काम करणारी पोरगी, तिला नर्स व्हायचंय, बाप न्हाई म्हणतोय. पोरगी कोण? माझी अक्षता. सतराची हाय, शाळेच्या नाटकात बक्षीस मिळालेलं. विजयमाला, म्हंजे आमच्या घरच्या, त्या थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उजेड पाडायच्या. घरचंच समदं.

ह्याच साली, फेब्रुवारीत सुरू केलं. शेडमधी जाळ्यांवर द्राक्षं वाळत टाकलेली, मधनं उन्हाच्या पट्ट्या, आन त्या पट्टीत पोरीचा चेहरा — मी शेडच्या दुसऱ्या टोकाला अठ्ठावीसची लावून उभा. काय दिसत हुती सांगू! पयल्याच दिवशी, दुपारच्याला, अक्षता कॅमेऱ्याला जोडलेल्या बारक्या टीव्हीवर टेप बघून म्हणली, पप्पा, फोकस माझ्या कानावर हाय, डोळं पुसट आल्यात. झालं. — न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. ते काय सांगण्यासारखं न्हाई.

तर टेप लालाकडं गेली. त्यानं बघितली, दोनदा बघितली, आन म्हणला, रत्न्या, लेन्स सॉफ्ट हाय. मी म्हणलं, व्हय का? तर व्हय. मग पन्नासची आणली, ती लावली. लाला म्हणला, ही बी सॉफ्टच. मला वाटलं आपलं नशीबच तसलं, स्वस्तातलं घेतोय तर असंच मिळणार. मग साताऱ्याचे आप्पासो — जुने फोटोग्राफर, सत्तरीचा माणूस, तुमी ओळखत असाल — त्यांनी त्यांची एकशे पस्तीसची काढून दिली. म्हणले, तीस वर्षं वापरली, लेकरागत सांभाळलीय. ती घेऊन मी अख्खी शेड परत शूट केली. लालानं टेप लावली. मागं नेऊन परत बघितली. आन म्हणला, सॉफ्ट.

तसा उठलो मी, साताऱ्याची गाडी धरली. आप्पासोंच्या दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली, एक बाई पासपोर्टच्या फोटोला लेकराला नटवून आणलेली. त्यांच्या म्होरं मी लेन्स काउंटरवर आपटली. म्हणलं, म्हातारपणी लोकांना फसवताय, लाज न्हाई वाटत? आप्पासोंनी लेन्स उचलली, शर्टाच्या टोकानं पुसली. त्या बाईनं लेकरू उचललं आन फोटो न काढताच बाहेर गेली. एवढं मला दिसलं.

माघारी आलो तर लाला म्हणतोय, जाऊ दे गड्या, कॉम्प्युटरवर नवं एडिटिंग आलंय, त्यात धार आणता येती, मी करतो. मी सोडून दिलं. मे म्हैन्यात, बुद्धपौर्णिमेला, सोसायटीच्या हॉलमधी दाखवला सिनेमा. दोनशे माणूस. आन पडद्यावर अक्षताचा चेहरा आला, पाव्हणं — पापणीचा केस मोजून घ्यावा असा. डोळ्यात पाणी भरतंय, पर खाली पडत न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल दिली, श्रीफळ दिलं, माइकवर बोलायला लावलं. मी काय बोललो असंल? म्हणलं, हा शॉट घ्यायला मला तीन दिस लागले. लाला पयल्या रांगेत बसलेला, मान खाली घालून. मला वाटलं, भरून आलंय मित्राला.

आठ दिसांनी टपालानं पाकीट आलं. आप्पासोंचं. आत एक फोटो — त्यांच्या दुकानातली समोरची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, लांबनं घेतलेलं, पर तारखेखालची तिथीची बारीक अक्षरं सुदिक स्वच्छ. विजयमालानं वाचून दावलं मला. आन मागं पेन्सिलीनं दोन ओळी. 'लेन्स बरी आहे. डोळे दाखवून घ्या.'

फोटो घेऊन तसाच लालाच्या दुकानात गेलो. अक्षता क्लासवरनं येऊन तिथंच बसलेली. म्हणलं, लाला, हे काय? लेन्स बरी, तर टेप सॉफ्ट कशी? आन टेप सॉफ्ट, तर पडद्यावर धार कशी? लाला कीबोर्डावरची धूळ पुसत बसला. मग पोरगीच बोलली. म्हणली, पप्पा, तो शॉट लालाकाकांनी घेतलाय. तुमी कराडला लग्नाच्या शूटिंगला गेलावता तवा. मूळच्या लेन्सनं. चेहऱ्याचं समदं परत घेतलंय. मी म्हणलं, आन तक्ता कुणी धरला? — विचारायची गरज हुती का? तरी विचारलं. म्हणली, आईनं.

बघा म्हंजे. बायको, पोरगी, मित्र. तिघं तासगावला गेली, माझ्या सिनेमातनं मला काढून टाकलं, आन माघारी येऊन मला शाल पांघरली. मी लालाला म्हणलं, किती दिस ठावं हुतं तुला? म्हणला, दोन वर्षं. लग्नाच्या टेपांत उजवीकडची माणसं अर्धी यायला लागली हुती, नवऱ्याचा बाप अर्धा, मामा अर्धा, ते मी कापत हुतो, दुसरीकडचं जोडत हुतो. म्हणलं, मग बोलला का न्हाईस? तर म्हणतोय, तुला कसं सांगणार रं? कॅमेरा सुटला तर तुझ्याकडं दुसरं हाय काय?

मिरजेला गेलो. डॉक्टरीण बाई हुत्या, चांगल्या हुत्या बोलायला. लय येळ तपासलं, डोळ्याचा दाब मोजला. म्हणल्या, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काचबिंदू आहे. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं खात येतो. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखायचं. उजवा गेल्यातच जमा आहे. मी म्हणलं, बाई, दोन वर्षं आधी आलो असतो तर? त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणल्या, तर बराचसा वाचला असता.

उजवा, पाव्हणं. कॅमेऱ्याला लावायचा तोच.

आप्पासोंच्या पाया पडून आलो. लेन्स परत दिली त्यांनी. लालाचं दुकान मात्र त्या दिसापासनं बंद मला. समोरनं आला तर मी रस्ता बदलतो. सात म्हैने झालं. तुमीच सांगा, दुश्मनानं डोळा फोडला तर कोर्टात जाता येतं, मायेनं फोडला तर कुठं जायचं? काय? — पोरीनं तर सांगितलं हुतं की? व्हय. सांगितलं हुतं. पयल्याच दिवशी. तुमचं ध्यान लय बारीक हाय बरं का. सांगितलं हुतं, आन मी काय केलं? कॅमेरा बंद केला. शेडवरच्या बायकांच्या म्होरं म्हणलं, तू मला शिकवणार व्हय गं फोकस? आन दीड म्हैना बोललो न्हाई तिच्याशी. एका ताटाला बसायचो, शेजारी. ती शॉट द्यायची, मी कट म्हणायचो, बाकी एक शब्द न्हाई. मग ती कशाला बोलती परत? लाला तिथंच हुता, त्यानं बी बघितलं. विजयमालानं बी बघितलं.

पर मला ठावं नव्हतं, हे खरं हाय. — म्हंजे दिव्यांभोवती कडी दिसायची. लग्नाच्या मांडवात बल्बाभोवती इंद्रधनुष्यागत गोल. मला वाटायचं, समद्यांनाच दिसत असतील. असं वाटायचं. आन त्याच्या आदल्या साली इथं डोळ्याचं शिबिर हुतं, तिथं तक्त्यावरची अक्षरं म्होरल्या माणसानं वाचली ती मी ऐकून ठेवली, आन माझा नंबर आल्यावर तशीच म्हणून दावली. पास झालो. गंमत म्हणून. रांग लय मोठी हुती, कोण परत परत वाचत बसणार? — त्याचा ह्याच्याशी काय संबंध? न्हाई संबंध. वेगळी गोष्ट हाय ती. लालानं मला फसवलं, गोष्ट एवढीच हाय.

तुमाला कुठली पायजे? पन्नासची? थांबा, हात लावू नका, मी देतो. एकेक लेन्स मला बोटानं कळती. ही घ्या. पन्नास. रिंग फिरवून बघा, कशी चालतीय. … काय? अठ्ठावीस लिहिलंय? न्हाई, नीट बघा. … असंल. असंल, डब्यात इकडची तिकडं झाली असंल, पोरीनं हलवली असंल. दावा इकडं. दारातल्या उजेडाला — हां, अठ्ठावीसच हाय. व्हय.

असं बघू नका माझ्याकडं. डावा चांगला हाय. थेंब चालू हायत. गेल्या म्हैन्यात मिरजेच्या बाई काय म्हणल्या ते म्हणल्या, मी घरात सांगितलं न्हाई, सांगणार बी न्हाई — पोरीची बारावी हाय, विजयमालाच्या जिवाला घोर कशाला? समदं ठीक हाय म्हणून सांगितलंय. ठीकच हाय.

अक्षता आली बघा, फाटक वाजलं. पिशवीत घाला लेन्स. बाहेर पडताना काय बोलू नका तिच्याशी. लेन्स चांगल्या हायत का विचारलं तर व्हय म्हणा, आन जावा.