त्यालाच बोलाव

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या वसाहतीच्या देखभाल विभागाचे प्रमुख साहेब. प्रमुख पाहुणे, ज्यांच्या दुकानातून आपल्या सगळ्यांच्या घरचे नळ आले ते हार्डवेअरवाले शेठ. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना अख्खी वसाहत वायसरदादा म्हणून ओळखते, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. विभागातले माझे सहकारी आणि समोरच्या रहिवासी बंधुभगिनींनो. पहिल्या रांगेत माझे वडील बसले आहेत, याच विभागाचे जुने मुख्य फिटर. बाबा, तुम्हालाही नमस्कार.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचं कौतुक करायचं असतं, एवढं मला कळतं. पण साहेबांनी काल बोलावून सांगितलं, "रहिवासी आयते जमणार आहेत, तर घरातले नळ आणि पाइप का गळतात तेही जाता जाता सांगून टाक." म्हणजे कौतुक दादांचं आणि गळती तुमच्या घरची. ठीक आहे, जमवते. तिसरी एक गोष्ट मात्र साहेबांनी सांगितलेली नाही, ती मी पदरची घालणार आहे. मी या माणसावर कित्येक वर्षं जळत आले आहे. हसू नका, खरं सांगतेय. वहिनी, तुम्ही तर मुळीच हसू नका, तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

दादा विभागात लागले तेव्हा बाबा मुख्य फिटर होते आणि मी शाळेत जात होते. बाबांनी दादांना अक्षरशः हाताला धरून शिकवलं. आमच्या घरामागे पाइपाला आटे पाडायचा सराव चालायचा. आट्यांवर टेप कुठल्या बाजूने गुंडाळायची, हे बाबा पुन्हा पुन्हा दाखवायचे. टेप उलटी गुंडाळली, तर जोड आवळताना ती सुटत जाते आणि थोड्याच दिवसांत तुमच्या बेसिनखाली ओल येते. हे घ्या साहेब, पहिलं कारण सांगून झालं. तर हे सगळं मी शिकले, पण मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दारात उभी राहून बघायचे. "बाबा, मी करून बघू?" विचारलं की उत्तर यायचं, "हात खराब होतील तुझे." दादांच्या हातांची काळजी कधी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि याच विभागात लागले. वाटलं, आता तरी लोक पान्याकडे बघतील, पाना धरणाऱ्याकडे नाही. कसलं काय! दार उघडलं की पहिला प्रश्न, "दादा नाही आले?"

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुमची माफी मागून सांगते. यांच्या बेडरूमची भिंत ओली व्हायला लागली. सगळे म्हणाले, गच्ची गळतेय. मी भिंतीवरचा यांच्या लग्नाचा फोटो उतरवला, तर मागचा खिळा गंजून लाल झालेला. खिळा सरळ पाइपात गेला होता! तेव्हा मंडळी, फोटो लावायच्या आधी भिंतीतून पाइप कुठून गेलाय ते विचारा, म्हणजे भिंत आणि संसार दोन्ही कोरडे राहतील. असो. मी खिळा काढला, पाण्याचं कारंजं उडालं आणि नखशिखांत भिजत मी जाऊन मुख्य कॉक बंद केला. तेवढ्यात बाईंनी दादांना फोन केलेला. दादा आले तेव्हा पाणी थांबलेलं होतं. ते म्हणाले, "ताईनं बरोबर शोधलंय." बाई म्हणाल्या, "तुम्ही आलात, जिवात जीव आला." आणि टॉवेल त्यांनी दादांना दिला. दादा कोरडे होते हो, भिजले होते मी!

दादांच्या कामाची रीत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ओल दिसली की ते पिशवी उघडत नाहीत. आधी विचारतात, "केव्हापासून? दिवसभर येते, की वरच्यांनी आंघोळ केली की येते?" मग पाइप कोरडा पुसतात, जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळतात आणि नुसते बघत बसतात. पाणी गळतं एकीकडे आणि ओघळत जाऊन टपकतं भलतीकडेच, म्हणून कागदावर पहिला ठिपका कुठे उमटतो ते बघायचं असतं. तळमजल्यावरचे काका आणि त्यांच्या वरचे शिंपी, यांचं छतावरच्या डागापायी बोलणं बंद झालं होतं. शिंप्यांच्या न्हाणीघरात पाइप ठणठणीत होता, फक्त फरशीच्या फटींमधलं सिमेंट झिजून गेलं होतं. फटी भरल्या, डाग वाळला, दोघे पुन्हा एकत्र फिरायला जाऊ लागले. आता माझं म्हणणं एवढंच आहे की दादा असे बघत बसले की लोक म्हणतात, "केवढा अनुभव!" आणि मी तशीच बघत बसले की आतल्या खोलीतून आवाज येतो, "हिला सापडत नाहीये वाटतं." सांगा, पोटात दुखेल की नाही?

बाकीची कारणं भराभर सांगते, नाहीतर साहेब घड्याळाकडे बघतील. लोखंडी पाइप जुना झाला की आतून गंजतो, बाहेरून रंग देऊन काही होत नाही. क्षार साचले की नळ नीट बंद होत नाही. पाइपाला क्लॅम्प नसेल तर नळ झटकन बंद केल्यावर तो भिंतीत धडधडतो आणि जोड ढिले होतात. फ्लशच्या टाकीतून गुपचूप पाणी जात असेल, तर टाकीत रंगाचे चार थेंब टाका आणि थोडा वेळ फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला की समजा, टाकी गळतेय.

आता सगळ्यात साधं कारण, ज्यावरून दादांना नाव पडलं. वायसर. नळाच्या पोटातली रबराची चकती. नळ बंद करताना उगाच जोर लावला की ती चेपते, तिच्यावर खोल वळ उमटतो आणि थेंब सुरू होतो. थेंब थांबत नाही म्हणून माणूस आणखी आवळतो, आणि रबराची पार वाट लागते.

आमच्या घरी मी आणि बाबा, दोघंच. आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ सतत गळतो. दोन फिटरांचं घर आणि नळ गळतोय, लोकांना केवढी करमणूक! तो गळायला लागला की बाबा खुर्चीतून म्हणतात, "त्याला बोलाव." मी म्हणते, "बाबा, मी आहे ना घरात." बाबा म्हणतात, "आहेस गं. पण तू त्यालाच बोलाव." हातात पाना घेऊन मी उभी आणि बाबा दुसऱ्याची वाट बघणार! दादा येणार, चहा होणार, जुन्या गोष्टी निघणार, आणि माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलणारे बाबा संध्याकाळ होईपर्यंत बोलत बसणार. मग मी काय करायचे? दादा गेले की तो नळ सगळा जोर लावून आवळायचे. एक थेंब पडता कामा नये. थेंब नाही तर दादा नाही.

आलं ना लक्षात? तुमच्या आलं, माझ्या नाही आलं. मागच्या आठवड्यात दादांनी शेवटचा म्हणून तो नळ उघडला आणि वायसर बाबांच्या तळहातावर ठेवला. "वायसर नवाच आहे, बाबा, पण वळ बघा केवढा उमटलाय. कुणीतरी नळ आवळतंय." बाबा म्हणाले, "माझ्या हातांत कुठला आलाय जोर?" मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, मीच आवळते. तुम्हाला यायला लागू नये म्हणून." दादा हसत सुटले. "अगं, म्हणजे आजवर तूच मला बोलावत होतीस की!" बाबाही हसले. आई गेल्यापासून बाबा इतके हसलेले मी ऐकले नव्हते. आणि तेसुद्धा दादांबरोबर हसले. मला ते फार लागलं, आजही लागतंय.

दादा, तुम्ही उद्या मुलाकडे राहायला चाललात. तुमच्यासारखा फिटर या विभागाला परत मिळणार नाही, हे मी मनापासून म्हणते. तुम्ही माझं काम कधी स्वतःच्या नावावर खपवलं नाहीत, हे तर मला सर्वात जास्त टोचतं. वाईट असतात, तर तुमच्यावर जळणं किती सोपं झालं असतं!

बाबा, तुमच्याशीही दोन शब्द. परवापासून इथे दादा नाहीत. नळ गळायला लागला की तुम्ही मला हाक माराल. दुसरं कुणी उरलं नाही म्हणून माराल, हे मला माहीत आहे. मी येईन. फक्त मी नळ उघडून बसले की फोन करून त्यांना विचारू नका. तुम्हीच शेजारी येऊन बसा, आणि माझं चुकत असेल तर मला सांगा.

साहेब, दादा, वहिनी, शेठ, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. जिभेवर ताबा राहिला नाही, ते पोटात घाला. बाहेर चहा मांडला आहे. बाबांचा कप कुणी भरू नका, तो मी नेऊन देणार आहे.