सँडविच पहिल्यांदा कोणी केलं

औंढ्याच्या बसस्टँडवर सुधा हिंगोलीच्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या जोडप्यानं डबा उघडला.

"नातीनं काय दिलं वं हे?"

"सँडविच हाय. खावा."

"हे इंग्रजाच्या एका सरदारानं काढलं म्हणत्यात. पत्ते सोडून जेवायला उठायचा न्हाई, म्हणून पावातच मटण घालून मागायचा."

"त्यानं नुसतं मागितलं. करून कोणी दिलं?"

"ते काही ठाऊक न्हाई."

"तुमी तरी शिलाई मशिनीवरून कवा उठले? भाकरीत पिठलं गुंडाळून मीच हातात देत व्हते."

"व्हय, बराबर हाय."

सुधानं हातातला मोबाईल पर्समध्ये ठेवला.

"अन् तू कवा जेवायचीस?"

"तुमची मशीन थांबल्यावर."

"मशीन तर पार राती थांबायची."

"मंग राती."

मागून डबा सरकवल्याचा आवाज आला.

"हे धर. आधी तू खा."

"अहो, गाडी लागली."

"लागू दे. दुसरी येईल. तू बसून खा."

सुधा गाडीत चढली. खिडकीतून तिनं पाहिलं. म्हातारी सावकाश खात होती, आणि तिच्या लुगड्यावर काही सांडू नये म्हणून म्हातारा डब्याचं झाकण धरून बसला होता.