मागचा तुकडा

नाही नाही, अर्जात काहीच चूक नाही — उलट इतका नीट अर्ज या खिडकीवर मी किती दिवसांत पाहिला नाही. समास सोडलाय, तारीख घातलीय, विषय वेगळ्या ओळीवर. तूच लिहिलास ना? ते कळतंच. खालची सही तेवढी बाबांची, आणि तीही त्यांनी अर्ज न वाचता केलेली, सही कशी वाकडी गेलीय बघ. असू दे. मी एवढंच म्हणत होते, की तू मागतेयस ती वहीच्या पानाची नक्कल द्यायला माझी ना नाही, पण आधी समजून तर घे काय मागतेयस ते. आत ये. त्या दारानं ये, खिडकीत किती वेळ टाचा उंच करून उभी राहशील? बस. ते स्टूल डुगडुगतं, भिंतीला लावून बस. पाणी? — नको. बरं.

हे आमचं रस्ता-नोंद खातं. खातं म्हणजे काय, मी, हे कपाट आणि समोर वही आहे ना, ती. साहेब वरच्या मजल्यावर बसतात, ते सहीपुरते. गावातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक बोळ या वहीत आहे — नाव, सुरुवात कुठून, शेवट कुठे, घर क्रमांक कितीपासून कितीपर्यंत. इथे लिहिलं तर तो रस्ता. इथे नसेल तर नुसती मोकळी जागा, मग तिथे शंभर माणसं राहोत. लोक हसतात मला, म्हणतात बाई नावं लिहायचा पगार घेतात. हसू देत. दर तीन महिन्यांनी या वहीवरून यादी निघते, ती टपालात जाते, पाणीवाल्यांकडे जाते, बंबवाल्यांकडे जाते, अँब्युलन्सवाल्यांकडे — हं. जाते. तिकडेही जाते.

तर तुमची गल्ली. लोहार गल्ली मूळची एकच, एक ते एक्केचाळीस. मग तो मोठा रस्ता आला आणि गल्ली मधोमध कापली गेली, एक ते बावीस रस्त्याच्या अलीकडे, तेवीस ते एक्केचाळीस पलीकडे. एकोणीस घरं. आणि मध्ये ही एवढी कठड्याची भिंत, म्हणजे इकडून तिकडे जायचं तर गाडीला पार पुलापर्यंत जाऊन वळून यावं लागतं. मग नियम काय? ज्या तुकड्यात एक नंबरचं घर, त्याच्याकडे जुनं नाव राहतं. दुसऱ्या तुकड्याला नवं नाव. आणि नवं नाव मिळेपर्यंत तो तुकडा इथे तांबड्या पेन्सिलीनं लिहायचा — "लोहार गल्ली, मागचा तुकडा", आणि शिरायची वाट कुठून ते. तांबडी नोंद म्हणतो आम्ही. तात्पुरती असते, पण यादीत जाते. हे बघ. पान एकशे बारा. दिसतंय? सोळा मार्च. तांबड्यात. तेवीस ते एक्केचाळीस, वाट पुलाच्या बाजूनं. म्हणजे आमच्याकडून सगळं वेळेत झालं. आता अँब्युलन्सवाले जुनी यादी खिशात घालून हिंडत असतील, तर त्याला मी काय करणार? तो ड्रायव्हर लोहार गल्लीत शिरला, बावीस नंबरपाशी गल्ली संपली, तो म्हणाला एकतीस नंबर नाहीच. त्यानं विचारायचं ना कुणाला! पन्नास मिनिटं. मी पेपरात वाचलं. पन्नास मिनिटं म्हणजे —

तू होतीस ना तेव्हा? कठड्यावर उभी राहून ओढणी हलवत होती ती मुलगी, ती तूच? पेपरात नाव नव्हतं. दिसत होती गाडी तुला? पलीकडे? दिवा फिरताना दिसत होता?

बरं, नको सांगूस. मी उगीच विचारलं.

दम्याचा त्रास होता ना आईला. जुना? अशा माणसाचं काही सांगता येत नाही बघ, गाडी वेळेत आली असती तरी — नाही, असं म्हणू नये. मी म्हणत नाही. लोक म्हणतात असं, मला नाही आवडत ते.

चहा सांगू का? मी घेणारच आहे. नको तर नको. तू फार कमी बोलतेस गं. मी तुझ्याएवढी होते तेव्हा अशीच होते, बाबांच्या मागे लपायची. माझे बाबा इथेच होते कामाला, तुला माहीत नसेल. पाट्या रंगवायचे. रस्त्यांच्या पाट्या — निळ्यावर पांढरी अक्षरं. एकतीस वर्षं. गावात ज्या ज्या कोपऱ्यावर तू उभी राहिलीस, तिथलं अक्षर माझ्या बाबांचं. पट्टी लावायचे नाहीत, नुसत्या हातानं, आणि ओळ अशी सरळ की वर पाण्याचा पेला ठेवला तर डुचमळू नये. मी डबा घेऊन जायची तेव्हा शिडीवरून विचारायचे, "काय गं, कसं दिसतंय?" मी म्हणायची, "ओळ वर चढलीय." चढलेली नसायची कधी. ते मग खाली उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडून बघून यायचे. रोज. मी रोज तेच म्हणायची आणि ते रोज रस्ता ओलांडायचे. सगळं गाव त्यांना पाटीवाले म्हणायचं, खरं नाव पगाराच्या वेळीसुद्धा कुणाला आठवायचं नाही. रोजंदारीवर होते ना. एकतीस वर्षं रोजंदारी. गेले तेव्हा इथून एक हारही आला नाही. म्हणजे मागितला नव्हता आम्ही, पण येतो ना एखादा.

आणि नावं कुणाची लावायची? तर समितीच्या मनाला येईल त्यांची. वर सभागृहात बसून उंटावरून शेळ्या हाकतात नुसत्या, रस्ता बघायला कोण जातं? एका सभासदाच्या सासऱ्यांच्या नावाचे तीन रस्ते आहेत आपल्याकडे. तीन! त्यातला एक तर मध्येच भिंत लागून बंद होतो — सासऱ्यांचा स्वभावही तसाच होता म्हणे. हसलीस? नाही हसलीस. असो. समितीची पद्धत अशी, की दर बैठकीत मी ही वही घेऊन वर जायचं, तांबड्या नोंदी एकेक करून मोठ्यानं वाचायच्या, आणि नोंद वाचली रे वाचली, की कुणी ना कुणी आपल्या काकांचं नाव पुढे करतो. कावळे बसतात तसे. वर्षभरात कुणीच नाव नाही सुचवलं तर मात्र — हे फार कुणाला माहीत नाही — तर नाव ठेवायचा अधिकार या खात्याचा. म्हणजे माझा. मी लिहायचं, साहेबांनी सही करायची, आणि साहेब काय, समोर ठेवलं की सही करतात. बावीस वर्षांत तशी वेळ एकदाही आली नाही. पण यंदा आली असती. जूनमध्ये बैठक झाली, सप्टेंबरमध्ये झाली, दोन्ही वेळा मी चार तांबड्या नोंदी वाचल्या, चारही त्यांनी खाल्ल्या, पण तुमची गल्ली काही मी त्यांच्या तोंडी पडू दिली नाही. पाटीवाले गल्ली. बघ कसं वाटतं. लहानशी, एकोणीस घरांची, शेवटाला ते कसलंसं झाड आहे ना, त्याच्या खाली पाटी लागली असती. मार्चमध्ये वर्ष पुरं झालं असतं.

काय? काय झालं? तू अशी का बघतेयस?

नाही — नोंद होतीच. मी वाचली नाही एवढंच. म्हणजे वाचायची राहिली. चार वाचल्या, पाचवी राहिली, माणूस आहे मी. बोट काढ. त्या ओळीवरून बोट काढ तू, वहीला हात लावायचा नसतो बाहेरच्यांनी. हो, जागा कमी पडली म्हणून दोन ओळींच्या मध्ये लिहिलीय. पंधरा मार्चची नोंद आणि वीस मार्चची नोंद, त्यांच्या मध्ये. असं होतं कधी कधी. अगं, पेन्सिल आहे ती, पुसट-गडद होणारच. बाकीच्या तांबड्या नोंदी पुसटल्यात कारण... कारण त्या जुन्या आहेत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कशाला मी तुला आत बोलावलं! खिडकीतून नक्कल देऊन वाटेला लावलं असतं. झेरॉक्समध्ये तांबडं काळंच येतं, कुणाला काही दिसलं नसतं.

ऐक. मी सांगते तुला, पण तू बाहेर बोलायचं नाहीस. इंजिनिअर खात्याचा कागद चौदा मार्चला आला. त्याच दिवशी बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, मी रजा मागितली होती, मिळाली नव्हती. कागद हातात आला — लोहार गल्ली, दोन तुकडे, मागचा विनानाव. मी कागद खणात ठेवला. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वाचावं लागलं असतं आणि वाचलं असतं तर कुणाचे तरी काका आले असते. एक वर्ष. मला वाटलं, एक वर्षानं कुणाचं काय बिघडतं? टपालवाला तुम्हाला तोंडानं ओळखतो. पाणी येतं. घरं आहेत तिथेच आहेत. आपण कुठे राहतो ते लोकांना माहीतच असतं ना? यादी तीनदा गेली, तीनदा मी तुमच्या गल्लीवरून पुढे गेले, आणि खरं सांगू, एकदाही माझ्या मनात अँब्युलन्स आली नाही. बंब आला होता मनात. म्हटलं एवढ्यात कशाला लागतेय आग. डिसेंबरात पेपर वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडूवाली यायच्या आधी, येऊन लिहिलं. माझा हात कापत नव्हता. तेच मला कळत नाही, कापायला हवा होता.

रडू नकोस. रडतेयस का? नाही. बघ, मीच आपली.

माझी पाच वर्षं राहिलीत नोकरीची. घरात नवरा अंथरुणावर आहे. हे मी तुला का सांगतेय, तू लहान आहेस, पण समजतं तुला, तुझ्या अर्जावरून कळतं. चौकशी लागली तर ड्रायव्हर, मी आणि साहेब, तिघांत साहेब सुटतील, ड्रायव्हरला युनियन आहे. मग उरलं कोण? तुझी आई परत येणार आहे का माझी नोकरी गेल्यानं? नाही ना. मग? हे बघ, आपण असं करू. असं करता येईल. मार्चमध्ये वर्ष पुरं होतंय, अधिकार माझा आहे. आईचं नाव देऊ. गल्लीला. निळी पाटी, कोपऱ्यावर, कायमची. रोज शाळेला जाताना तुला दिसेल. तुझ्या मुलांनाही दिसेल. बाबांचं राहू दे, त्यांना नाही मिळालं तर नाही मिळालं. मी मनापासून म्हणतेय. काय नाव होतं गं आईचं?

सांग ना.

बरं, नको. माझंच चुकलं. उठू नकोस, बस. तुला नक्कल हवी ना, देते. पान एकशे बाराची, शिक्क्यासह. ही घे. खाली "खरी नक्कल" लिहिलंय, तेवढं लिहावंच लागतं.

आता काय लिहितेयस? अर्जावर? अगं, तो दिलेला अर्ज आहे, त्यात आता... हां, खाली जागा आहे, ती आहेच, पण — दाखव. दाखव मला. "पान एकशे बारावरील तांबडी नोंद दोन ओळींच्या मध्ये नंतर लिहिलेली दिसते. मूळ वही व इंजिनिअर खात्याचा चौदा मार्चचा कागद चौकशीपर्यंत सीलबंद ठेवावा." हे कुणी शिकवलं तुला? शाळेत? घरी कुणी वकील आहे? कुणीच नाही. आत्ता इथे बसल्या बसल्या लिहिलंस. अक्षरसुद्धा हललं नाही.

आणि पोच पाहिजे. साहजिक आहे. टेबलावर आलेल्या कागदाला शिक्का नाकारता येत नाही, तो नियम मीच सांगते सगळ्यांना. वर साहेब पाच वाजता निघतात, आता पावणेपाच झालेत. शिक्का मारला तर हा कागद आजच वर जाईल. नाही मारला, उद्या ये म्हटलं, तर तू उद्या येशील. येशील ना? हो. येशील तू.

तारीख फिरवायची राहिलीय पोचेच्या शिक्क्यावरची. थांब.

हं. ही तुझी पोच. नीट घडी घाल, शिक्का ओला आहे. दार ओढून घे जाताना. आणि आता जा, बाई. जा. मला कागद वर न्यायचाय.